काटा हलला नाही

मी बोलतोय. इकडे, जरा खिडकीत बघा. बादलीशेजारी ठेवलेल्या हातपंपावर जी गोल तबकडी बसवलेली असते ना, तो मी. कागदोपत्री माझं नाव दाबमापक. प्लंबर मला गेज म्हणतात, घरमालक मीटर म्हणतात. एका घरातल्या सासूबाई तर मला घड्याळच समजल्या होत्या. "अहो, बंद पडलंय की काय तुमचं घड्याळ? कधीचे दहाच वाजलेत!" असं त्या म्हणाल्या होत्या.

मला त्या घराबद्दलच बोलायचं आहे. सांगता सांगता माझा आवाज चढला तर समजून घ्या. इतके दिवस मनात साठलंय आणि मला तोंड नाही, होता तो नुसता काटा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेचं अंग, जाड काच, पांढऱ्या तबकडीवर शून्य ते सोळा आकडे. पोटात एक पोकळ, वाकडी नळी. पाण्याचा दाब आला की ती नळी सरळ व्हायला बघते आणि तिच्या ओढीनं काटा पुढे सरकतो. माझं सगळं ज्ञान एवढंच. नळात, म्हणजे पाइपात, पाणी किती जोरानं दाबलंय, ते मला कळतं. बाकी जगातलं मला काहीही कळत नाही, आणि कळतं असा आव मी कधी आणलेला नाही.

माझा पहिला मालक एक ठेकेदार होता. नव्या घरात नळ टाकून झाले की भिंती बुजवायच्या आधी त्यांची चाचणी घ्यायची असते. सगळी तोंडं बुचं लावून बंद करायची, नळात पाणी भरायचं, पंपानं दाब दहापर्यंत चढवायचा आणि दोन तास वाट बघायची. काटा जागचा हलला नाही तर नळ गळत नाहीत. हा ठेकेदार काय करायचा, तर दहावर आणून पंपाजवळचाच पाणी अडवणारा कॉक गुपचूप बंद करायचा. मग मी आणि हातभर नळी, एवढ्याचीच चाचणी व्हायची! घर तिकडे खुशाल गळत असायचं आणि मी इकडे दहावर ताठ उभा. घरमालक खूश, ठेकेदार खूश. मी आतल्या आत धुमसायचो. पण करणार काय?

त्याच ठेकेदाराच्या हाताखाली एक प्लंबर होता. त्याला हे बघवायचं नाही. एके दिवशी तो काम सोडून गेला, आणि ठेकेदारानं धंदा बंद केला तेव्हा त्यानंच येऊन मला पंपासकट विकत घेतलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

माणूस खरंच चांगला होता. तिशी उलटलेला, हडकुळा, कानावर कायम पेन्सिल. नगरपालिकेच्या पाणीखात्यानं घरात कुठले नळ वापरायला परवानगी दिली आहे, त्याची यादी त्याच्या शर्टाच्या खिशात घडी घालून असायची. दुकानात गेला की नळ हातात घेऊन त्याच्यावरची छापील ओळ अंगठ्यानं चाचपत वाचायचा. कुठल्या मानकाचा नंबर आहे, किती दाब सोसेल, किती गरम पाणी सोसेल, प्यायच्या पाण्याला चालेल का. ओळ अर्धवट असली की नळ परत ठेवायचा. दुकानदार वैतागायचे. "वाचनालयात आलायस का?" म्हणायचे. हा हसायचा आणि पुढचा नळ उचलायचा.

त्याच्यात एकच उणीव होती. परक्या माणसाला तो तोंडावर नाही म्हणायचा, पण नात्यातलं माणूस समोर आलं की त्याच्या घशात बूच बसायचं.

आणि मग त्याच्या ताईच्या घराचं बांधकाम निघालं.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, त्याचं शिक्षण केलं, प्लंबरचं काम शिकायलाही तिनंच घातलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिचा नवरा, म्हणजे भाऊजी, गाडी शिकवायचे. पंचवीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबून त्यांना एक सवय लागली होती. समोरचा प्रत्येक माणूस त्यांना शिकाऊच वाटायचा. चहा ओतणाऱ्या ताईंनाही ते "सावकाश, सावकाश, आता थांबव," असं सांगायचे. माणूस वाईट नव्हता. सासुरवाडीच्या कुठल्याही अडचणीला धावून जायचा. पण गाडीचा ब्रेक जसा त्यांच्या पायाशी, तसा घरातला शेवटचा शब्दही त्यांच्याच तोंडात.

आम्ही कामाला गेलो त्या दिवशी भिंती उभ्या राहिल्या होत्या, गिलावा व्हायचा होता. प्लंबरनं पिशवी खाली ठेवली आणि तो जागच्या जागी थबकला. ओसरीत पांढऱ्या नळांचा भारा येऊन पडला होता.

"भाऊजी, हे कोणी आणले?"

"मी. तुझा त्रास वाचवला. सगळे आहेत, मोज हवं तर."

प्लंबरनं एक नळ उचलला, अंगठा फिरवला. छापलेलं होतं ते एवढंच, कारखान्याचं नाव आणि नळाची जाडी. पुढे काही नाही.

"भाऊजी, हे गार पाण्याला ठीक आहेत. म्हणजे तेही, मानकाचा नंबर नाही यावर, पण... गीझरपासून न्हाणीघरापर्यंत गरम पाण्याची लाइन आहे ना, तिला हे चालायचे नाहीत. तिला वेगळे येतात. जरा पिवळसर असतात, त्यावर गरम पाण्याचं लिहिलेलं असतं."

"पाणी ते पाणी. गरम काय, गार काय, वाहणारच आहे."

"गरम पाण्यानं हे मऊ पडतात. यादीत गरम पाण्यासाठी—"

"अरे, दुकानदार माझ्याकडे गाडी शिकलाय," भाऊजी म्हणाले. "तीनदा नापास होणार होता, मी पास केला त्याला. तो मला चुकीचा माल देईल? सगळ्याला चालतात म्हणाला. आता भारा उचलून परत नेऊ? तोंड काय दाखवू त्याला?"

प्लंबरनं ताईंकडे बघितलं. ताई खिडकीचं माप घेत होत्या, हातातली टेप तशीच ठेवून वळल्या. "काय रे, काही गडबड आहे का?"

आता, म्हटलं, बोल. मी पिशवीतून ऐकत होतो. ताई विचारतेय, बोल ना बाबा! एक वाक्य पुरे, 'ताई, या नळांनी कोणीतरी भाजेल.' एवढंच.

"नाही, तसं काही नाही," प्लंबर म्हणाला. "बघतो मी."

बघतो मी! माणसांच्या बोलण्यातल्या या दोन शब्दांचा मला जितका राग आहे तितका गंजाचाही नाही. बघतो म्हणजे बघत नाही. बघतो म्हणजे आत्ता विषय संपव, पुढचं पुढे.

त्यानं ते नळ टाकले. काम मात्र असं नेटकं केलं की बघत राहावं. एक सांधा वाकडा नाही, एक क्लॅम्प सैल नाही. चुकीच्या नळांवर त्यानं आपला सगळा बरोबर हात ओतला. मनाला लागलेली टोचणी तो हातानं भरून काढत होता, असं मला वाटतं.

त्याच्या मनात एक आशाही होती. चाचणीच्या दिवशी नगरपालिकेचा तपासनीस येणार होता. आपल्याला जे बोलता येत नाही ते तपासनीस बोलेल, असा त्याचा हिशेब. सरकारी माणसानं 'हे काढा' म्हटलं की भाऊजी काय करणार? म्हणून त्यानं सकाळीच त्या नळाचा वीतभर तुकडा कापला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, छापील बाजू वर करून, तपासनीसाच्या नजरेत भरेल असा. शेजारी ती यादीही उलगडून ठेवली.

मला पंपावर बसवलं. तोंडं बंद झाली, नळातली हवा काढली. प्लंबरनं दांडा मारायला सुरुवात केली. चार, सहा, आठ, दहा. आणि मी उभा राहिलो. या वेळी कॉक उघडा होता, अख्खं घर माझ्या पोटात होतं, सगळे सांधे मला जाणवत होते. कुठेच गळती नाही. काटा तसूभरही हलला नाही. ताईंच्या सासूबाई काठी टेकत येऊन दहा वाजल्याचं बोलून गेल्या ते तेव्हाच.

तपासनीस आला. घाईत होता, हातात जाडजूड फाइल. भाऊजींनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. फाइल आणि कप दोन्ही हातात कसे सांभाळायचे? त्यानं खिडकीच्या कट्ट्याकडे बघितलं, नळाचा तुकडा उचलला, यादीवर ठेवला, दोन्ही एका कडेला सरकवलं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर कप टेकवला.

प्लंबर बघत राहिला. मीही.

"काटा कधीपासून दहावर आहे?"

"दोन तास झाले, साहेब," प्लंबर म्हणाला. मग धीर करून पुढे बोलला, "साहेब, ते नळांवरचं छापील जरा बघता का?"

"काटा हलला नाही ना? मग झालं तर." त्यानं सही ठोकली. "उत्तम काम केलंय. असे कारागीर हल्ली कुठे मिळतात!"

भाऊजींनी प्लंबरच्या पाठीवर थाप मारली. "बघ! तू उगाच घाबरत होतास. तुझं मीटरच सांगतंय ना, सगळं ठीक आहे म्हणून?"

अहो, मी असं कधी म्हणालो? मला विचारलं काय, तर नळ गळतात का. मी म्हणालो, नाही. गार पाण्यानं, आज, दोन तास, नाही. हे नळ गरम पाणी सोसतील का, हे मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी ते मला समजणारं नव्हतं. ते त्या वीतभर तुकड्यावर लिहायला हवं होतं. लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नाही हेच वाचायचं होतं. ठेकेदारानं मला खोटं बोलायला लावलं तेव्हा मला राग आला होता. पण मी अगदी खरं बोललो आणि तरी त्याचा अर्थ खोटा निघाला, तेव्हा जो संताप झाला त्याला माझ्या सोळा आकड्यांत जागा नाही.

भिंती बुजल्या. रंग झाला. माणसं राहायला आली.

चार महिन्यांनी प्लंबर ताईंकडे जेवायला गेला. पिशवी खांद्याला होती, म्हणून मीही होतो. ताईंनी त्याला न्हाणीघरात नेलं. "हे बघ रे, असं कसं झालं?"

गीझरमधून निघून भिंतीत शिरणारा नळ मधोमध खाली झुकला होता, एखाद्या ओल्या दोरीसारखा. त्यानं बोट लावलं. नळ दबला.

"ताई, हा बदलायला लागेल. आणि आतलासुद्धा. भिंत फोडावी लागेल."

"आत्ताच तर रंग दिलाय!" भाऊजी दारातून म्हणाले. "वाकलाय, फुटला तर नाही ना? वाकलेला माणूस चालतो, मग वाकलेला नळ का नाही चालणार?"

स्वतःच्या विनोदावर ते हसले. ताईही हसल्या. आणि प्लंबर, काय सांगू तुम्हाला, तोही हसला.

"गीझर जास्त तापवू नका तोवर," एवढंच तो म्हणाला. "हातातलं काम संपलं की येतो आणि बघतो मी."

पुन्हा तेच.

तीन आठवड्यांनी सकाळी फोन आला. आम्ही कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर टाकी जोडत होतो. प्लंबरनं फोन कानाला लावला आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. ताईंचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतक्या मोठ्यानं त्या रडत होत्या.

सासूबाई बादली भरायला बसल्या होत्या. वर भिंतीच्या तोंडाशी मऊ पडलेला नळ सांध्यातून सटकला आणि कढत पाण्याची धार सरळ त्यांच्या पायांवर आली. म्हातारं माणूस, चटकन उठता येईना. काठी हाताशी नव्हती. डावं पाऊल आणि पोटरी, गुडघ्याच्या खालपर्यंत सगळं भाजलं होतं.

दुपारी आम्ही त्या घरी पोचलो तेव्हा भाऊजी नुकतेच दवाखान्यातून परत आले होते. न्हाणीघरात अजून पाणी साचलेलं होतं. प्लंबरनं आधी मुख्य कॉक बंद केला, मग पिशवी उघडून पाने काढायला लागला. मी वरच होतो. भाऊजींची नजर माझ्यावर पडली.

"हेच ना ते?" त्यांनी मला उचललं. "हेच! दोन तास काटा उभा होता याचा. पास केलं होतं ना यानं? मग माझ्या आईचा पाय कसा भाजला? सांग!"

आणि त्यांनी मला भिंतीवर भिरकावलं.

मी फरशीवर पडलो. काच तडकली. पोटातली वाकडी नळी कुठेतरी दुखावली, ती अजूनही दुखते.

"भाऊजी," प्लंबर मला उचलून घेत म्हणाला, "त्याची चूक नाही. ते बरोबरच सांगत होतं. मीच गप्प बसलो."

"तू सांगितलं होतंस," भाऊजी खाली बसत म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. मीच ऐकलं नाही."

मला वाटलं, चला, दोघांनी आपापलं कबूल केलं, आता ताई म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं. ताई दारात उभ्या होत्या. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"ह्यांना कळत नव्हतं," त्या भावाला म्हणाल्या. "तुला कळत होतं. मी टेप हातात धरून तुला विचारलं, काही गडबड आहे का. तू नाही म्हणालास. मला. मला नाही म्हणालास तू."

मी इतका दाब मोजलाय आयुष्यात, पण त्या वेळी त्या खोलीत जो होता तो मोजायला माझ्यासारखे दहा लागले असते.

ताई त्याच्याशी जवळजवळ महिनाभर बोलल्या नाहीत. म्हणजे कामापुरतं बोलायच्या, पण 'अरे' नाही, 'बाळा' नाही. तो मात्र रोज जायचा. भिंत फोडली, गरम पाण्याची अख्खी लाइन उपटून काढली. नवे नळ आणायला ताई स्वतः दुकानात आल्या, खिशातली ती यादी त्याच्याकडून मागून घेतली आणि एकेक नळ उजेडाकडे धरून छापलेली ओळ अक्षर न अक्षर वाचली. मानकाचा नंबर यादीशी जुळवला. दुकानदार काहीतरी पुटपुटला तसं त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. तो मुकाट पुढचा नळ काढून द्यायला लागला.

भाऊजी रोज संध्याकाळी फोडलेल्या भिंतीचा राडारोडा घमेल्यातून खाली नेऊन टाकायचे. एकदाही 'सावकाश' म्हणाले नाहीत. खरं तर मला त्या शब्दाची आठवण यायला लागली होती.

सासूबाई घरी आल्या, पाय उशीवर. प्लंबर त्यांच्यापुढे जाऊन मान खाली घालून उभा राहिला. "मावशी, माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे आणि याच्यामुळे," मुलाकडे बोट करून त्या म्हणाल्या. "एकाला बोलता येत नाही आणि एकाला ऐकता येत नाही. जोडी छान जमलीय तुमची. पाय तेवढा माझा भाजला." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "बस खाली. जेवलास का?"

त्यांच्या पायाची पट्टी बदलायला एक नर्सबाई यायच्या. मोजकं बोलणाऱ्या. पाय कसा भाजला, हे त्यांनी पहिल्याच दिवशी नीट विचारून घेतलं होतं. काम संपत आलं तेव्हा त्या प्लंबरला म्हणाल्या, "दादा, आमच्या घरातले नळ जुने झालेत. तुम्हीच बदलून द्या."

"मी?" प्लंबर चकित झाला. "हे सगळं ऐकूनसुद्धा?"

"ऐकूनच. आता तुम्ही गप्प बसणार नाही."

आणि खरोखरच, तो गप्प बसेनासा झाला. आता मालकानं कितीही जवळचं नातं काढलं तरी प्लंबर नळ त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "वाचा. मोठ्यानं." ओळ पुरी नसेल तर पिशवी उचलून चालायला लागतो. दोन कामं सोडली त्यानं अशी, एक तर सख्ख्या चुलतभावाचं. मला अभिमान वाटायला हवा होता.

पण माझं दुखणं निराळंच होतं. भिंतीवर आपटल्यापासून माझा काटा शून्यावर परत येईना. पाणी नसलं, दाब नसला, पंप मोकळा असला तरी मी दोनवरच थांबायचो. प्लंबरला ते कळलं. दुसरा कोणी असता तर त्यानं मला भंगारात टाकलं असतं. यानं टाकलं नाही. का, ते मला माहीत नाही. भाऊजींचा राग मी अंगावर घेतला म्हणून असेल, नाहीतर त्या दिवसाची आठवण जवळ असावी म्हणून. तो मनातल्या मनात दोन वजा करायचा. बारा दिसले की दहा धरायचा. "चालतंय," म्हणायचा.

चालतंय! ज्यानं भाऊजींच्या एका 'चालतं'पायी म्हाताऱ्या बाईचा पाय भाजलेला बघितला, त्याच्या तोंडी पुन्हा तोच शब्द! दुसऱ्यांचे नळ वाचून घेणारा हा माणूस माझ्या तबकडीकडे मात्र डोळे झाकून बघत होता. मी ओरडत होतो, अरे, मी बिघडलोय, मला काढ! पण ओरडायला माझ्याकडे काटाच, आणि तोच बिघडलेला.

काल आम्ही नर्सबाईंच्या घरी होतो. सगळे नवे नळ, सगळ्या ओळी वाचून घेतलेल्या. चाचणीसाठी मला पंपावर बसवलं. प्लंबर पाणी आणायला बादली घेऊन वळला तेवढ्यात त्या वाकून म्हणाल्या, "दादा, अजून दाब दिला नाहीत ना? मग हा दोनवर कसा?"

"तो तसाच आहे, बाई. पडला होता एकदा. दोन वजा करायचे."

"आमच्याकडे रक्तदाब मोजायचं यंत्र शून्यावर येत नसेल तर आम्ही ते बाजूला काढून ठेवतो."

"मला सवय आहे हो. माझ्या लक्षात असतं."

"तुमच्या असतं. आज तुम्ही आजारी पडलात आणि दुसऱ्या कोणी हा पंप नेला, तर वजा कोण करणार?"

प्लंबरनं हातातली बादली खाली ठेवली. तो वाकून माझ्याकडे बघायला लागला, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की मी काय म्हणतोय ते याला ऐकू येतंय.

"आज चाचणी नको," तो म्हणाला. "उद्या नवा आणतो, मग करू."

त्यानं पाना लावून मला पंपावरून सोडवलं. मला वाटलं आता पिशवीत टाकेल, मग घरी कपाटात, मग कधीतरी कोणी मित्र मागेल आणि हा उदारपणे देऊन टाकेल. पण त्यानं तडकलेली काच काढली. स्क्रूड्रायव्हरचं टोक काट्याखाली घातलं आणि काटा उपटून काढला. दुखलं. थोडंच.

म्हणून आज तुमच्याशी बोलायला मोकळा आहे. उद्या भंगारवाल्याकडे जाईन, पितळ म्हणून वितळवलं जाईन. जायच्या आधी एकच मागणं आहे. तुमच्या घरात नळ टाकले जातील तेव्हा माझ्या एखाद्या भावंडाकडे बोट दाखवून 'काटा हलला नाही, म्हणजे सगळं ठीक' असं म्हणू नका. आम्हाला गळतीचं विचारा, ते आम्ही चोख सांगू. नळ कसला आहे, ते नळाला विचारा. त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, आणि नसलं तर तेच त्याचं उत्तर. आणि ज्याला यातलं कळतं त्यानं कृपा करून 'बघतो मी' म्हणू नये. बोलावं. ताई दोनदा विचारत नाही.

सध्या मी नर्सबाईंच्या खिडकीत पडून आहे. पांढरी तबकडी, शून्य ते सोळा आकडे, मधे एक बारीक भोक. आता मला कोणी कितीही विचारलं, तरी मी चुकीचं काही सांगणार नाही.